रांगेतला पुढचा माणूस



लस कोणी शोधली, ती शरीरात काय करते, किती महिने टिकते, यावर बोलणारे जाणकार आपल्याकडे पुष्कळ आहेत. गेल्या काही वर्षांत तुम्ही त्यांना ऐकलेही आहे. मी आज लशीविषयी फार बोलणार नाही. ती बाटलीतून माणसाच्या अंगात कशी जाते, त्या शेवटच्या दीड हाताच्या प्रवासाविषयी बोलणार आहे. सार्वजनिक आरोग्याच्या नोकरीत मी आयुष्य काढले, आणि माझे मत असे झाले आहे की या प्रवासाकडे आपण जेवढे द्यायला हवे तेवढे लक्ष कधीच दिले नाही.

दवाखान्यात एका रोग्याला इंजेक्शन देणे ही एक गोष्ट. एका दिवसात अख्ख्या गावाला टोचणे ही दुसरी. दवाखान्यात समोर एक माणूस असतो. मोहिमेत रांग असते. ऊन चढत जाते, मुले रडत असतात, टोचणाऱ्या हाताला रग लागते, आणि रांग संपत नाही. म्हणून सामूहिक लसीकरणाचे साधन पारखायचे ते समोर बसलेल्या माणसावरून नव्हे, त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसावरून, असे माझे म्हणणे आहे. पहिल्याला टोचताना दुसऱ्याच्या वाट्याला त्याच्या रक्तातले काही जाते का? आणि थकलेल्या हातातही ते साधन तेवढेच निर्धोक राहते का? सव्वादोनशे वर्षे आपण याच दोन प्रश्नांची उत्तरे शोधतो आहोत.

सुरुवात आपल्या मुंबईतच करू. १४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातले हे पहिले लसीकरण. ही लस शोधणाऱ्या जेन्नरचा प्रयोग १७९६चा. म्हणजे अवघ्या सहा वर्षांत ती लस इथवर आली. ना बर्फ, ना थर्मास. मग ती आली कशी? माणसाच्या दंडावरून. एकाला टोचायचे, आठवड्याभराने त्याच्या फोडातली लस घेऊन पुढच्याला टोचायचे. बगदाद, बसरा असे टप्पे घेत, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर ती मुंबईला पोचली आणि ॲनाच्या दंडावरून पुढे देशभर गेली. माणूसच तेव्हा लशीची बाटली होता.

या पद्धतीने लाखो जीव वाचले, हे आधी सांगितले पाहिजे. पण मागच्या दंडातून लशीबरोबर आणखी काय येते, हे कोणाला दिसत नव्हते. १८६१ साली इटलीतल्या रिव्हाल्टा गावात एका मुलाच्या दंडावरून इतर मुलांना लस टोचली आणि त्यांतल्या कितीतरी मुलांना उपदंश झाला. रोगापासून वाचवायला आणलेली मुले दुसराच रोग घेऊन घरी गेली. इंग्लंडमध्ये ही दंडावरून दंडावर टोचण्याची पद्धत कायद्याने बंद व्हायला १८९८ साल उजाडले.

आपल्याकडे पुढे वासराच्या कातडीवर वाढवलेली लस आली. बेळगावच्या संस्थेने ती वर्षानुवर्षे पुरवली. पण टोचण्याचे हत्यार मात्र कष्टाचेच राहिले. रोटरी लॅन्सेट म्हणजे एका दांडीच्या टोकाला छोटी चकती आणि तिला टोकदार दाते. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, चकती त्यावर दाबायची आणि फिरवायची. एकाच जागी नव्हे, अनेकदा चार ठिकाणी. त्याच्या जखमा चिघळत, मुले तापाने फणफणत. खेड्यात देवी काढणारे आले की बाया मुलांना घेऊन शेतात लपत, हे मागच्या पिढीतल्या पुष्कळांनी पाहिले आहे. त्या बायांना आपण अडाणी म्हणत आलो. मला ते कधीच पटले नाही. त्यांचा राग लशीवर नव्हता, त्या चकतीवर होता, आणि तो राग रास्त होता.

पोकळ सुईची सिरिंज १८५३च्या सुमारास युरोपात आली. ती हजारो निरोगी माणसांना एकामागून एक टोचायची, हा प्रयोग मात्र आपल्या भूमीवर झाला. वाल्डेमार हाफकिन या जीवाणुशास्त्रज्ञाने १८९३ पासून पटकीची लस टोचत हिंदुस्थान पालथा घातला. प्लेगने मुंबईला विळखा घातला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली.

पण आज मला हाफकिनची आठवण काढायची आहे ती एका दुर्घटनेसाठी. ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातले मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांतली १९ माणसे धनुर्वाताने गेली. या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. त्याच दिवशी इतर बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झाले नाही. सरकारने ठपका हाफकिनवर ठेवला, त्याला कामावरून दूर केले. पुढे कागदपत्रांतून बाहेर आले ते असे : बाटली उघडताना सहायकाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. रोनाल्ड रॉससारखा शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने उभा राहिला म्हणून ते झाले.

मुल्कोवालमध्ये लस चांगली होती, प्रयोगशाळा चांगली होती, शास्त्रज्ञ तर फारच मोठा होता. एक चिमटा मातीत पडला. सामूहिक लसीकरणात धोका बहुधा इथेच असतो, शेवटच्या दीड हातात. आणि त्या चिमटा पाडणाऱ्या माणसाचाही विचार करा. शेकडो माणसे समोर, प्लेग दाराशी, हाताखाली कोणी नाही. एका हाताने चूक केली तर १९ जीव जातील अशी व्यवस्थाच आपण त्याच्या हवाली केली होती. दोष द्यायचा तर आधी त्या व्यवस्थेला द्यावा लागेल.

याहून भयंकर उदाहरण इजिप्तचे आहे. ते लशीचे नाही, पण सामूहिक टोचणीचेच आहे, म्हणून सांगतो. नाईलच्या काठी पाण्यातून होणाऱ्या कृमींच्या रोगासाठी, शिस्टोसोमियासिससाठी, तिथल्या सरकारने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खेडोपाडी औषधाची इंजेक्शने दिली. हेतू चांगला, कार्यकर्ते मेहनती. काचेच्या सिरिंजा मात्र मोजक्या आणि रांगा लांब. नीट न उकळता त्याच सिरिंजा फिरत राहिल्या आणि ‘क’ प्रकारच्या काविळीचा विषाणू त्यांच्याबरोबर घरोघर गेला. वर्षानुवर्षे तो यकृतात गपगुमान बसतो. पुढच्या पिढीत इजिप्त हा या रोगाने सर्वाधिक पीडित देशांपैकी एक निघाला.

आता त्या काळाकडे येऊ, जेव्हा वेग हेच सर्वस्व वाटू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुईविना इंजेक्शन देणारी यंत्रे आली. लशीची अतिशय बारीक धार एवढ्या दाबाने सोडायची की ती कातडी भेदून आत जावी. १९६०च्या दशकात ॲरन इस्माक याने त्याचे पायाने चालणारे रूप तयार केले, पेड-ओ-जेट. वीज लागत नाही; पायाने पेडल दाबले की यंत्र भरते, घोडा ओढला की लस आत. तासाला हजार माणसे टोचता येत. सैनिकांच्या रांगांसाठी ते वरदानच होते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत १९६७ पासून देवी आणि गोवर यांच्याविरुद्ध जी मोहीम झाली, तिच्यात या बंदुकांनी अफाट काम केले. बाजारतळावर दोरी लावायची, दोन्ही बाजूंना दोन यंत्रे ठेवायची, गाव मधून चालत जायचे.

सुई नाही म्हणजे रक्त नाही, असे सर्वांना वाटले. पण त्या यंत्राचे तोंड दर माणसाच्या कातडीला टेकत होते. धार आत जाताना रक्ताचा सूक्ष्म तुषार उलटा येतो आणि तोंडावर बसतो. डोळ्याला काही दिसत नाही. १९८५ साली कॅलिफोर्नियात वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यात अशाच एका यंत्रामुळे ‘ब’ काविळीची साथ पसरली. संशय बळावत गेला आणि १९९७ साली अमेरिकन सैन्यानेच पेड-ओ-जेट थांबवले. रांगेसाठीच जन्मलेले यंत्र रांगेतल्या पुढच्या माणसाच्या कसोटीला उतरले नाही.

आणि ही यंत्रे आली त्याच वर्षांत, त्याच देवीच्या मोहिमेत, अगदी उलट वाटेने जाणारी एक वस्तू आली. तिच्याविषयी मी थोडे सविस्तर बोलणार आहे, कारण वैद्यकाच्या इतिहासात एवढ्या लहान वस्तूने एवढे मोठे काम क्वचितच केले असेल.

वायथ कंपनीत बेंजामिन रुबिन नावाचे शास्त्रज्ञ होते. शिवणयंत्राच्या सुईचे नेढे टोकाकडून घासून काढले तर दोन दातांचा इवलासा काटा तयार होतो, हे त्यांनी पाहिले. दोन दातांच्या मधल्या खाचेत लशीचा एक सूक्ष्म थेंब आपोआप धरला जातो, ना कमी ना जास्त. ही दुभंगलेली सुई कशी वापरायची? बाटलीत बुडवायची, मनगट माणसाच्या दंडावर टेकवायचे, सुई कातडीला काटकोनात धरायची आणि पाच मिलिमीटरच्या वर्तुळात भराभर पंधरा टोचे मारायचे. काही सेकंदांनी तिथे रक्ताचा पुसटसा ठिपका दिसला की काम नीट झाले. संपले. सभागृहात पन्नाशी ओलांडलेले जे आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या दंडावरचा वण या सुईचाच असेल.

हिचे फायदे एकेक करून पाहिले की मन थक्क होते. जुन्या पद्धतीत ज्या बाटलीत पंचवीस माणसे होत, तिच्यात आता शंभर होऊ लागली. म्हणजे नवा कारखाना न काढता लस चौपट झाली. यंत्र नाही, त्यामुळे बिघडण्याचा प्रश्न नाही. सुटे भाग नाहीत, मेकॅनिक नाही. प्रत्येकासाठी उकळलेली वेगळी सुई घ्यायची, वापरलेली दुसऱ्या डब्यात टाकायची. संध्याकाळी सगळ्या पुन्हा उकळायच्या. शेकडो सुया खिशातल्या डबीत मावत. आणि शिकवायला पाव तास पुरे. गावातल्या दहावी नापास मुलाला सकाळी शिकवले तर दुपारपर्यंत तो गाव टोचून काढी. वायथने जागतिक आरोग्य संघटनेकडून या सुईचे हक्कशुल्क घेतले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

हिंदुस्थानात जेट बंदूक का चालली नाही आणि ही सुई का चालली? आपल्याकडे माणसे बाजारतळावर रांग लावायला येत नव्हती. टोचणाऱ्यालाच घरोघर जावे लागे. बिहारात, उत्तर प्रदेशात एखाद्या वस्तीत देवीचा रोगी सापडला की त्याच्याभोवतालची घरे गाठायची, रात्री-अपरात्री, शेतावर गेलेल्या माणसालाही शोधून काढायचे. डॉ. विल्यम फेगी यांनी १९६६च्या डिसेंबरात पूर्व नायजेरियात लस कमी पडली म्हणून जी वाट काढली, सगळ्यांना नव्हे, रोग्याभोवतीच्या वर्तुळाला आधी टोचायचे, तीच पुढे आपल्याकडे कामी आली. आणि त्या वाटेवर चालायला खिशात मावणारी सुईच हवी होती. मे १९७५ मध्ये आपल्या देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला. २६ ऑक्टोबर १९७७ला सोमालियात जगातला शेवटचा नैसर्गिक रोगी. ८ मे १९८०ला जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. हजारो वर्षे माणसाला छळणाऱ्या रोगाचा शेवट दोन दातांच्या सुईने केला. या सुईला तिच्या योग्यतेएवढा मान अजून मिळालेला नाही, असे मला मनापासून वाटते.

पण हीच सुई गोवराला किंवा घटसर्पाला चालत नाही. तिथे अर्धा मिलिलिटर लस मांसात किंवा कातडीखाली जावी लागते, म्हणजे सिरिंज आलीच. १९७८ साली आपला विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८५ साली सार्वत्रिक. त्या काळातले उपकेंद्र आठवा. रॉकेलचा स्टोव्ह, स्टीलचा डबा, त्यात काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळत ठेवलेल्या. सिस्टर पहाटे उठून तो डबा लावत, मग तो खांद्याला लावून वाडीवर जात. सुया बोथट होत, घासाव्या लागत. लस टोचायला वीस मुले यायची अपेक्षा असायची आणि चाळीस यायची. उकळलेल्या सुया वीसच. त्या वेळी त्या बाईने काय करावे? स्टोव्ह पुन्हा पेटवून सगळ्यांना तासभर बसवावे, की आयांना परत पाठवावे? काही ठिकाणी तिसराच रस्ता निघे, नुसती सुई बदलायची, सिरिंज तीच. रक्त सिरिंजमध्येही शिरते, हे तेव्हा सर्वांना माहीत होतेच असे नाही.

१९८४ साली मार्क कोस्का या तरुण इंग्रजाने वर्तमानपत्रात वाचले की एड्स सिरिंजांमधून पसरू शकेल. त्याने उत्तर शोधले ते असे की सिरिंज दुसऱ्यांदा चालूच नये. इतरांनीही त्याच दिशेने काम केले. आज आपल्या लसीकरण सत्रात जी सिरिंज दिसते, तिला ऑटो डिसेबल, बोलताना एडी सिरिंज म्हणतात. दट्ट्या एकदा पूर्ण दाबला की आतली छोटी खीळ अडकते. मग कितीही जोर लावा, तो मागे येत नाही. ओढाल तर मोडतो. सुई पक्की बसवलेली, बदलता येत नाही. अर्ध्या मिलिलिटरच्या वर लस भरतच नाही. १९९९ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लोकसंख्या निधीने मिळून सांगितले की २००३ अखेर सगळे लसीकरण याच सिरिंजांनी व्हावे. आपल्याकडे त्या काहीशा उशिरा आल्या.

या बदलाचे मोल मला फार वाटते. आजवर प्रत्येक सुधारणा टोचणाऱ्याला अधिक सावध राहायला सांगत होती. ही पहिली अशी की जिने सावधपणाचा भार त्या थकलेल्या हातावरून उचलून वस्तूवर ठेवला. मुल्कोवालच्या सहायकाला जे हवे होते ते शंभर वर्षांनी मिळाले. त्याच सुमारास देशातल्या इंजेक्शनांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात साठ टक्क्यांहून अधिक इंजेक्शने असुरक्षित आढळली. लसीकरणात आपण सुधारलो. खासगी आणि भोंदू दवाखान्यांत मात्र साध्या सिरिंजा फिरत राहिल्या. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात ‘ब’ काविळीने डझनांनी माणसे नेली, ती वापरलेल्या सिरिंजांमुळे.

एडी सिरिंज हाती आली तेव्हा शिकलेले विसरावे लागले. नर्सिंगमध्ये शिकवत की बाटलीत आधी तेवढीच हवा सोडा, मग औषध ओढा. एडी सिरिंजमध्ये हवा भरून दाबली की खीळ बसली, सिरिंज गेली. सुरुवातीला ढिगाने सिरिंजा अशा वाया गेल्या. अनुभवी सिस्टरांच्या बोटांना वीस वर्षांची सवय मोडायला वेळ लागला. हे प्रशिक्षण त्यांना खुर्चीत बसवून, स्लाइड दाखवून दिले गेले. पाण्याची बाटली आणि दहा सिरिंजा हातात दिल्या असत्या तर एका दुपारचे काम होते.

बोटांची हीच विद्या कोविडच्या काळात दिसली. १६ जानेवारी २०२१ला मोहीम सुरू झाली. १७ सप्टेंबरला एका दिवसात अडीच कोटी डोस दिले गेले. पुढच्या वर्षीच्या जुलैत दोनशे कोटींचा आकडा पार झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची दहा डोसांची व्हायल, उघडली की चार तासांत संपवायची. बाटलीत थोडी लस जास्तीची असते. केरळातल्या परिचारिकांनी त्या थेंबांतून अकरावा डोस काढला, आणि राज्याला मिळाल्या त्याहून जास्त मात्रा लोकांना दिल्या गेल्या. त्यासाठी नवे यंत्र आले नव्हते. सिरिंज तीच, हात निष्णात.

कातडीच्या थरातच लस सोडायची असेल तर हात आणखी निष्णात लागतो. बीसीजी घ्या. बाळाचा डावा दंड, कातडी दोन बोटांनी ताणायची, सुईचे उघडे तोंड वर, सुई जवळजवळ आडवी. नवजात बाळाला ०.०५ मिलिलिटर. नीट गेली तर तिथे संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत, फिकट गाठ उठते. गाठ उठली नाही तर सुई खोल गेली. हेच कसब २०१६ साली देशाच्या कामी आले. पोलिओची इंजेक्शनची लस जगभर तुटीची होती. आपण ती पंचमांश, म्हणजे ०.१ मिलिलिटर, कातडीत द्यायचे ठरवले. असे दोन छोटे डोस एका पूर्ण डोसापेक्षा चांगले संरक्षण देतात, असे अभ्यासांतून दिसले होते. हैदराबादच्या सांडपाण्यात विषाणू सापडला तेव्हा जूनमध्ये तिथल्या सुमारे तीन लाख मुलांना याच पद्धतीने टोचले. पीतज्वराची लस कमी पडली म्हणून त्याच वर्षी किन्शासात पंचमांश डोस सुमारे पाऊण कोटी लोकांना दिला गेला, तो मात्र कातडीखाली. इतक्या छोट्या मापाच्या सिरिंजा जमवणे हेच तिथले एक मोठे काम झाले.

आता नवी साधने येत आहेत. जेट परत आले आहे, पण शहाणे होऊन. कातडीला टेकणारा भाग दर माणसामागे नवा. अहमदाबादच्या झायडसची डीएनए लस २०२१ मध्ये मंजूर झाली ती अशाच साधनाने द्यायची होती. आणि गोवर-रुबेलाची पट्टी आली आहे : नखाएवढ्या जागेत सूक्ष्म टोके, त्यांवर वाळवलेली लस, मनगटावर पाच मिनिटे दाबून ठेवायची. गांबियात लहान बाळांवर तिची चाचणी झाली, त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले, आणि इंजेक्शनाइतकाच प्रतिसाद दिसला. त्या पट्टीतली लस पुण्याच्या सीरमची.

मी या पट्टीकडे त्याच कसोटीने पाहतो. रक्त पुढे जात नाही, हे झाले. कापायची सुई नाही, सुई तोडणारे हब कटर नाही, दवाखान्यातल्या कचऱ्याची लाल पिशवी नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागच्या खड्ड्यात टाकायचे लोखंड नाही. हा ओझ्याचा मोठा भाग कमी झाला. उरतो तो हात. गांबियात पट्टी प्रशिक्षित संशोधकांनी लावली. आपल्याकडे ती भामरागडला पावसाळ्यात वाट तुटल्यावर कोण लावणार? धडगावच्या नर्मदेकाठच्या पाड्यांवर कोण लावणार? आशाताई. मग पुढची मोठी चाचणी तिच्या हाताने व्हावी. लस पुण्याची आहे, पाडे आपले आहेत, गोवर अजून आपल्याकडे आहे. आरोग्य खात्याने ही चाचणी महाराष्ट्रात मागून घ्यावी, आणि तिचा आराखडा ठरवायला बसणाऱ्यांत त्या पाड्यांवरच्या दोन-चार आशाताई आणि सिस्टर पहिल्या दिवसापासून असाव्यात. त्यांच्या मानधनाची तरतूदही त्याच आराखड्यात, वेगळ्या ओळीत, आधी लिहिलेली असावी.